केळ्याची नाडी

केळ्याला हृदय असतं का?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण खिरोळ्याच्या शाळेत सातवीच्या वर्गाला एका दुपारी तो खरोखर पडला. डबे खाऊन झाले होते. उर्मी फेगडे या मुलीने सहज चाळा म्हणून आपल्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि डब्यात उरलेल्या केळ्याला बांधलं. पट्टा चांगला आवळला. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे लुकलुकू लागले आणि थोड्या वेळाने तबकडीवर आकडा उमटला. नाडीचे ठोके, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर!

"अगं बाई, हे तर जिवंत आहे!" उर्मी ओरडली.

झालं. सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती गोळा झाला. कुणी कळण्याच्या (म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीचा तुकडा पुढे केला. भाकरीचे ठोके केळ्यापेक्षाही संथ निघाले, म्हणजे भाकरीची तब्येत उत्तम होती. काळ्या कंपासपेटीची नाडी मात्र सापडेना. तिला सर्वानुमते मृत घोषित करण्यात आलं. हसून हसून मुलांच्या डोळ्यांत पाणी आलं. केळ्याला नाडी का आणि कंपासपेटीला का नाही, हे कुणीच विचारलं नाही. उर्मीनेही नाही, आणि तिला तर यंत्रांचं भारी वेड होतं. पुढे या गोष्टीचा तिला फार पस्तावा झाला. त्या दिवशी मात्र ती सगळ्यांत मोठ्याने हसत होती.

ही गोष्ट आपल्यापेक्षा थोड्या पुढच्या काळातली आहे. खिरोळे हे सातपुड्याच्या पायथ्याचं, केळीच्या बागांत बुडालेलं गाव. उन्हाळा तिथे पूर्वीही कडकच होता, पण आता तो शिमग्याचीही वाट पाहत नसे. एका वर्षी मैदानावर खेळता खेळता काही मुलांना उष्माघात (म्हणजे अंगातली उष्णता बाहेर न पडल्यामुळे होणारा त्रास) झाला. तेव्हापासून शाळेने नियम केले आणि ते फाटकावर मोठ्या अक्षरांत रंगवले. कुणी फोन आणला तर तो फाटकाजवळच्या कप्प्यात ठेवायचा, शाळा सुटल्यावर न्यायचा. घरचं स्मार्ट घड्याळही त्याच कप्प्यात, कारण परीक्षेत या घड्याळांवरून उत्तरांची ये-जा होऊ लागली होती. आणि शाळेने दिलेलं घड्याळ मात्र शाळा सुटेपर्यंत मनगटावरून काढायचं नाही.

शाळेचं हे घड्याळ अंगाची उष्णता आणि नाडीचे ठोके मोजे आणि ते आकडे चौकसकडे पाठवी. चौकस हा शाळेचा यंत्रमानव. उभ्या पिंपासारखा देह, खाली चाकं, वर दोन डोळे आणि बोलणं अगदी पुस्तकी. कार्यालयात बसून तो सगळ्या शाळेच्या नाड्या सांभाळी. एखादा आकडा विचित्र दिसला, की त्या वर्गाच्या दाराजवळच्या पडद्यावर तो विचारी, "आकडे नेहमीसारखे नाहीत. काय करू?" खाली दोन बटणं उमटत. एक 'मदत पाठवा', दुसरं 'काही नाही'. ती दाबायचा मान वर्गाच्या तंत्रमंत्र्याचा. शाळेच्या मंत्रिमंडळात मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, सहलमंत्री असे बरेच मंत्री होते. सहलमंत्र्याला वर्षातून एकदाच काम असे, पण तंत्रमंत्र्याला रोज. सातवीची तंत्रमंत्री होती उर्मी, आणि त्या बटणांचा तिला केवढा तोरा होता!

इथवर सगळं ठीक होतं. घोडं अडलं ते शांततेच्या तासाला. जेवणानंतर, ऊन ऐन भरात असताना, सगळ्यांनी वर्गात सतरंजीवर पडून राहायचं नाहीतर वाचत बसायचं. कुणाची नाडी जोरात पळू लागली, की चौकस ध्वनिवर्धकावरून सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं सांगे, "अमुक विद्यार्थी विश्रांती घेत नाही." आता सातवीची मुलं आणि विश्रांती! ज्याचं नाव पुकारलं जाई, त्याची पुढे आठवडाभर टिंगल होई.

उर्मीच्या डोक्यात केळं होतंच. दुसऱ्या दिवशी शांततेच्या तासाला निम्म्या वर्गाची घड्याळं बाकांखाली केळ्यांना बांधलेली होती आणि मुलं मागच्या कोपऱ्यात कुजबुजत भेंड्या खेळत होती. थंड हवेच्या गावात ही लबाडी पहिल्याच दिवशी उघडी पडली असती, कारण केळं गार आहे हे घड्याळाला लगेच समजलं असतं. खिरोळ्यात दुपारी वर्गातलं केळंही माणसाच्या अंगाइतकंच तापलेलं असे. ही चूक जमायला खिरोळ्याचंच ऊन हवं.

फक्त आरजू तडवी घड्याळ काढायला तयार नव्हती. आरजू ही उर्मीची जिवाभावाची मैत्रीण. बाकावर शेजारी, डब्यात भागीदार. खो-खोत ती अशी पळे, की पाठलाग करणारी मुलगी खांबाला वळसा घालेपर्यंत ही पार दुसऱ्या टोकाला हसत उभी असे. जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली होती आणि त्या बातमीने आरजूपेक्षा उर्मीच जास्त मिरवत होती.

"मी नाही बाई काढणार," आरजू म्हणाली. "अम्मीने सांगितलंय, घड्याळ काढलं तर खो-खो बंद."

"घाबरट कुठली!"

"असू दे घाबरट," असं म्हणून आरजू घड्याळ घालूनच भेंड्यांना बसली. रोज पळून पळून तिची बसल्या वेळची नाडी इतकी संथ झाली होती, की तिचं नाव चौकसने कधी पुकारलंच नाही.

केळ्यांची नाडी मात्र माणसासारखी वागेना. घटकेत सत्तर, घटकेत दीडशे, मग काहीच नाही, मग पुन्हा नव्वद. चौकस बिचारा गोंधळून जाई. नाव पुकारण्याऐवजी दाराजवळच्या पडद्यावर त्याचा प्रश्न येई, "आकडे नेहमीसारखे नाहीत. काय करू?" उर्मी उठे, 'काही नाही' दाबे आणि पुन्हा खेळात येऊन बसे. पहिल्या आठवड्यात तिला बसायलाच मिळालं नाही. मग प्रश्न कमी होत गेले.

अशाच एका दुपारी भेंड्या रंगात आल्या होत्या. उर्मीच्या गटावर 'ट' आला होता आणि कुणाला गाणं आठवत नव्हतं. तेवढ्यात पडदा उजळला. या वेळी प्रश्नाखाली नाव होतं, आरजू तडवी. उर्मीने ते वाचलं. मागे वळून पाहिलं. आरजू भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा एक हात छातीवर होता. तिकडे पोरं दहा आकडे मोजायला लागली होती. पट्टा सैल झाला असेल, असं उर्मीने स्वतःलाच सांगितलं आणि 'काही नाही' दाबलं. आरजू तिच्याकडे बघत होती. तिने छातीवरचा हात खाली घेतला.

त्यानंतर चौकस जवळजवळ गप्पच झाला. "शहाणा झाला आपला चौकस," उर्मी म्हणे. तो खरंच शिकला होता. त्याला शिकवणारी आपण आहोत, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग ती दुपार आली. शांततेचा तास संपत आला होता. आरजू पाणी प्यायला शाळेमागच्या नळावर गेली. तिथे धुण्याचा मोठा दगड आहे. नळापाशी पोचताच तिला भोवळ आली आणि ती त्या दगडावर गुडघ्यावर आदळली. तिच्या मनगटावर घड्याळ होतं. पट्टा घट्ट होता, हिरवे दिवे चालू होते. घड्याळाने आकडे पाठवले आणि चौकसला ते मिळाले. चौकस काहीच बोलला नाही. खेळाचे झांबरे सर बाटली भरायला गेले, तेव्हा ती बेशुद्ध पडलेली त्यांना दिसली.

जळगावला नेता नेता आरजू शुद्धीवर आली. गुडघ्याच्या वाटीचे मात्र तुकडे झाले होते. भोवळ का आली, ते डॉक्टरांना सांगता येईना. त्यांनी हृदय तपासलं तेव्हा ते अगदी सुतासारखं सरळ चाललं होतं. "जे काय झालं ते होऊन गेलं," डॉक्टर आरजूच्या अम्मीला म्हणाले. "तेव्हाचे ठोके कसे होते, हे कळलं असतं तर बरं झालं असतं. शाळेच्या यंत्राने काही टिपलंय का?"

मुख्याध्यापिका सरोदे बाईंनी चौकसला विचारलं. चौकसने उत्तर दिलं, "सूचना देण्यासारखं काही आढळलं नाही."

मग काय, पालकांची सभा चांगलीच पेटली. "जरा हललं की पोरांची नावं पुकारता, आणि वेळेला तुमचं यंत्र झोपतं?" कुणी म्हणालं, "फेकून द्या ते डबडं!" महिना संपला की सगळी घड्याळं आणि चौकस परत पाठवायचं ठरलं. उर्मी आईशेजारी बसून सगळं ऐकत होती.

गावात तिच्या वडिलांची आत्या राहत असे, प्रमिलाताई. उर्मी तिला आत्याआजी म्हणे. नाशिकला तिने आयुष्यभर दवाखान्यांची यंत्रं बनवली होती आणि आता ती केळीची बाग बघत असे, तीही यंत्र दुरुस्त करावं तशी, प्रत्येक झाडाला प्रश्न विचारत. सभेच्या दुसऱ्या दिवशी उर्मी तिच्याकडे गेली आणि दारातूनच म्हणाली, "आत्याआजी, केळ्याला हृदय असतं का?"

आत्याआजी हसली नाही. तिने उर्मीचा चेहरा पाहिला आणि तिला आतल्या काळोख्या कोठीत नेलं. बॅटरी लावली आणि म्हणाली, "यावर बोटं ठेव. घट्ट. काय दिसतं?"

"बोटं लाल दिसतायत."

"उजेड पांढरा होता. लाल का झाला?"

"रक्त लाल असतं म्हणून."

"अर्धं बरोबर. पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. रक्त त्यातला हिरवा रंग गिळून टाकतं आणि लाल तेवढा सोडून देतं. तुमच्या घड्याळातले दिवे कोणत्या रंगाचे?"

"हिरवे," उर्मी म्हणाली, आणि थांबली. "म्हणजे रक्त गिळतं तो!"

"तोच. आता बघ. हृदय आवळलं, की रक्ताची एक लाट मनगटापर्यंत येते. रक्त जास्त, म्हणून हिरवा उजेड जास्त गिळला जातो. परत येतो तो कमी. लाट ओसरली, की परत येणारा उजेड वाढतो. घड्याळाच्या पाठीवर दिव्यांच्या मधोमध एक प्रकाशसंवेदक (म्हणजे उजेड मोजणारा बारीक डोळा) असतो. उजेड किती वेळा मंदावला, ते तो मोजतो. मंदावला की एक ठोका. कळलं?"

"कळलं. पण केळ्यात रक्त कुठंय?"

"नाहीच. आणि घड्याळाला ते माहीतच नाही." आत्याआजीने बॅटरी विझवली आणि दोघी ओसरीवर येऊन बसल्या. "घड्याळाला हृदय दिसत नाही, उर्मी. त्याला दिसतो फक्त कमी-जास्त होणारा उजेड. तो कशामुळे कमी-जास्त झाला, हे ते गृहीत धरतं. केळ्याची साल फिकी, ती उजेड चांगला परत पाठवते. बाक हललं, पट्ट्याच्या फटीतून ऊन शिरलं, आतल्या विजेच्या तारा कुरकुरल्या, की तो उजेड थोडा थरथरतो. याला आम्ही गोंगाट म्हणतो (म्हणजे ज्यात काही निरोप नाही अशी थरथर). पण घड्याळाला आधीच सांगून ठेवलंय, की इथे नाडी आहे, ती शोध. मग ते गोंगाटातही ठोके शोधून काढतं. ढगाकडे बघून तू हत्ती शोधतेस ना, तसं."

"आणि काळी कंपासपेटी?"

"काळा रंग सगळाच उजेड गिळतो. परत काही आलंच नाही, तर शोधणार काय?"

एरवी उर्मी आनंदाने उडी मारून उठली असती. आज ती तशीच बसून राहिली. मग खाली मान घालून तिने सगळं सांगितलं. बाकांखालची केळी, भेंड्या, पडदा आणि ती दोन बटणं. आत्याआजीने मध्ये एकदाही तिला तोडलं नाही.

"किती दिवस दाबलंस ते बटण?"

"रोज."

आत्याआजीने मोठा श्वास घेतला. "चौकस हे शिकणारं यंत्र आहे. आजारी नाडी कशी असते, हे त्याला कुणी नियम लिहून दिलेलं नाही. त्याच्यापुढे आकडे येतात, तो माणसाला विचारतो आणि माणसाने दिलेलं उत्तर त्या आकड्यांना जोडून ठेवतो. पुन्हा तसे आकडे आले, की तेच उत्तर स्वतःला देतो. आई लहान मुलाला गाय दाखवून 'गाय' म्हणते, तसंच. तू जेव्हा जेव्हा बटण दाबलंस, तेव्हा तेव्हा त्याला एक धडा दिलास. आकडे उड्या मारू लागले तर समजायचं, काही नाही."

ओसरीवर ऊन सरकत पायाशी आलं होतं. उर्मीने पाय आखडून घेतले.

"म्हणजे आरजूचे ठोके उडाले तेव्हा..." उर्मीने वर पाहिलं. "आत्याआजी, तो झोपला नव्हता. त्याला वाटलं, हेही केळंच आहे."

आत्याआजीने तिला जवळ घेतलं. उर्मी हमसून हमसून रडली. आत्याआजीने तिला रडू दिलं. काही झालं नाही, असं ती म्हणाली नाही, कारण झालं होतं. बऱ्याच वेळाने तिने पदराने उर्मीचं तोंड पुसलं.

"रडणं झालं असेल तर एक सांगू? चौकसने ते आकडे टाकून दिलेले नसतील. यंत्रं सहसा काही टाकत नाहीत. केळ्यांच्या ढिगात आरजूच्या हृदयाचे ठोकेही पडलेले असणार. डॉक्टर तेच शोधतायत. पण त्यासाठी बाईंना सगळं सांगावं लागेल. ते मी सांगणार नाही."

सरोदे बाईंच्या खोलीपर्यंतचा तो व्हरांडा उर्मीला कधी नव्हे इतका लांब वाटला. तिने बाईंना सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. त्या ओरडल्या असत्या तर उर्मीला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुला बटण आम्हीच दिलं होतं ना."

चौकसला बोलावलं, आत्याआजीलाही. आत्याआजीने त्याला सांगितलं, की आकडे बाजूला ठेव आणि उजेडाच्या रेषा दाखव. खऱ्या नाडीची रेषा कशी असते, हे तिने उर्मीला पडद्यावर दाखवलं. ती झपकन वर चढते, मग सावकाश उतरते आणि उतरता उतरता मध्ये एका छोट्या पायरीवर जरा थबकते. केळ्याच्या रेषेला ना चढ ना पायरी, नुसते वेडेवाकडे दात. एकदा हे कळल्यावर उर्मी एकटीच रेषा निवडू लागली. दात, दात, दात, केळं, केळं. आणि मग अचानक चढ-उतार आणि बारीक पायरी, पण सगळं इतकं दाटीवाटीने, जणू कुणीतरी जीव मुठीत धरून पळतंय. ठोके दोनशेच्या वर होते. थोड्याच वेळात ते खाडकन पूर्वीसारखे संथ झाले होते.

"हे नळाजवळचं," आत्याआजी म्हणाली.

"याच्या आधीही आहेत," उर्मी हळूच म्हणाली. आणखी कितीतरी होते. ते महिनाभर येत होते. आधीच्या प्रत्येक रेषेपुढे उत्तर जोडलेलं होतं, 'काही नाही'. बहुतेक उत्तरं चौकसने स्वतःच स्वतःला दिलेली होती. सगळ्यांत पहिलं उत्तर उर्मीच्या बोटाचं होतं.

"मी चुकीचं शिकलो का?" चौकसने विचारलं.

"नाही रे," उर्मी म्हणाली. "मी चुकीचं शिकवलं."

त्या रेषा जळगावला गेल्या आणि डॉक्टरांना हवं ते मिळालं. हृदयाला आवळण्याचा निरोप विजेच्या एका बारीक लहरीने मिळतो आणि त्या लहरीची वाट ठरलेली असते. आरजूच्या हृदयात जन्मापासून एक जादा वाट होती. कधीतरी लहर त्या वाटेने शिरे आणि आतल्या आत गरगर फिरत राही. मग हृदय भलतंच पळत सुटे. पायाच्या शिरेतून एक बारीक नळी आत नेऊन डॉक्टर ती वाट बंद करणार होते. ते झालं की हृदयाची काळजी नाही. गुडघ्याचं मात्र कुणी काही सांगेना. खो-खोत पळायला जितका गुडघा लागतो, तितकाच चौकात उकिडवं बसायलाही लागतो. पहिलाच झटका आला तेव्हा मदत गेली असती, तर आरजू त्या दगडावर पडलीच नसती. हे उर्मीला कुणी सांगावं लागलं नाही.

चौकस परत गेला नाही. त्याचे सातवीचे सगळे धडे पुसून टाकले आणि त्याला नव्याने शिकवायचं ठरलं. उर्मीने मंत्रिपदाचा राजीनामा लिहून नेला, तो सरोदे बाईंनी घेतला नाही. "बिघडवलंस तू, तर बसून नीटही तूच करायचं," त्या म्हणाल्या. फाटकावरचे नियम तसेच राहिले, फोन कप्प्यात आणि घड्याळ मनगटावर. शांततेच्या तासाला नावं पुकारणं मात्र बाईंनी बंद केलं. "आजार ओळखायला आणलेल्या यंत्राला आपण पोलीस केलं, मग पोरं लपणारच," असं त्यांनी पालकांच्या सभेत उभं राहून सांगितलं. आणि 'काही नाही'चं बटण पडद्यावरून काढून टाकलं. आता चौकसला शंका आली की तो चाकांवर गडगडत थेट त्या मुलापाशी जाई आणि त्यालाच विचारी. दुसऱ्या कुणाचं उत्तर चालत नसे.

एवढं सगळं झालं तरी सगळ्यांत अवघड काम राहिलंच होतं. आरजू घरी आल्याचं कळलं, तरी दोन-तीन दिवस उर्मी तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत होती. शेवटी आरजूच्या अम्मीनेच तिला पाहिलं. "अवं पोरी, बाहेर कायले उभी? ये ना घरात. केव्हाची वाट पाहते ती तुयी."

आरजू खाटेवर होती. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये, खाली दोन उशा. उर्मी खाटेच्या कडेला बसली आणि तिने सुरुवातीपासून सांगायला घेतलं. आरजू छताकडे बघत ऐकत होती.

"त्या दिवशी 'ट' आला होता तेव्हा ना?" तिने मध्येच विचारलं.

"हो. तुझं नाव आलं होतं पडद्यावर. मी वाचलं होतं."

"मला माहितीय. मी बघत होते." आरजूने ओठ चावला. "छातीत एकदम काहीतरी पळायला लागलं होतं माझ्या. मी घाबरले होते. मी उठून तुला सांगणारच होते. पण तू बटण दाबलंस. मला वाटलं, उर्मीला यंत्रातलं सगळं कळतं. ती काही नाही म्हणते, म्हणजे काही नसेल. मग नंतर जेव्हा जेव्हा झालं, तेव्हा मी स्वतःलाच तसं सांगितलं."

उर्मीला वाटत होतं, की आपण फक्त चौकसला शिकवलं. तिच्या डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं.

"मला माफ कर," ती कशीबशी म्हणाली.

"मी रागावलेय तुझ्यावर," आरजू म्हणाली. "खूप. अम्मीला सांगितलं नाही, पण रोज रडते मी. जिल्ह्याचे सामने झाले पण काल."

"माहितीय."

आरजूने भिंतीकडे तोंड फिरवलं. उर्मी उठून जाणार होती. इथून निघून जाणं सोपं होतं आणि तिला तेच हवंसं वाटत होतं. तरी ती बसून राहिली. कितीतरी वेळाने, घाबरत घाबरत, तिने विचारलं, "आरजू, आत्ता तुला कसं वाटतंय?"

 भिंतीकडे तोंड करूनच आरजूने सांगायला सुरुवात केली. प्लास्टरच्या आत कुठे खाजतं ते. हृदयात नळी घालणार म्हणून कशी भीती वाटते ते. स्वप्नात अजून कशी पळते ते. बोलता बोलता ती केव्हातरी उर्मीकडे वळली. मध्ये बोलण्यासारखं उर्मीच्या मनात बरंच काही आलं, पण ती काहीच बोलली नाही. आरजूचं सांगून होईपर्यंत ती ऐकत राहिली.